काका, फळीवरचा डबा कुठे गेला?

काका, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायचा हक्क माझा नाही. रेल्वेच्या टपालगाडीत तुमच्याबरोबर उभ्या-उभ्या पत्रं वेगळी करण्यात आयुष्य काढलेली माणसं आहेत, वस्तीतली माणसं आहेत, तुमची लेक सुमनताई आहे. मी तुमच्या समोरच्या खोलीत शिकायला राहिलेला पोरगा. रक्ताचं नातं नाही. माझे वडील आणि तुम्ही लहानपणी रामटेकला एका वर्गात होतात, एवढंच. वडिलांची शाळा पुढे सुटली, तुमची सुटली नाही. परवा, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, ‘काका’ म्हणालो आणि खाली बसलो. मग वस्तीच्या वाचनालयाचे लोक म्हणाले, बोलता येत नसेल तर आमच्या अंकासाठी लिहून दे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून लोकांना वाटतं मला लिहिता येतं. मला परीक्षेची उत्तरं लिहिता येतात. तुमच्याविषयी कुणी प्रश्नच घातलेला नाही, तर उत्तर कसं लिहू?

आणि खरं सांगतो, माझं लक्ष लिहिण्यात नाही. दर थोड्या वेळाने उठून मधल्या खोलीत जाऊन येतो. कूलर चालू आहे. काकी त्यात पाणी भरतात. मी मीटरखालच्या लाकडी फळीकडे पाहतो आणि परत येऊन बसतो.

तार आली तेव्हा मी भिलाईला होतो, कॉलेजने पाठवलेल्या ट्रेनिंगवर. तारेत एवढंच होतं की काका गेले, निघून ये. कसे गेलात ते नव्हतं. मे महिन्यात नागपुरात धडधाकट माणूस अचानक गेला म्हटलं की माझ्या डोक्यात एकच गोष्ट येते. गाडीत बसल्यापासून मला तुमचा चेहरा आठवेना. तुमचा ओला हात आठवत होता, कूलरच्या पत्र्यावर टेकलेला.

घरात शिरलो तेव्हा तुम्हाला नेऊन झालं होतं. लोकांनी वाट करून दिली. खरं तर मी आधी काकींच्या पाया पडायला पाहिजे होतं. मी फळीकडे पाहिलं. डबा नव्हता. मी बसवलेल्या स्क्रूंची भोकं होती आणि दोन वायरी सरळ जोडून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली होती. ती टेप तुमच्या हातची होती. तिचं टोक दाताने तोडलेलं होतं.

शेजारचे गणपतभाऊ माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मी हळूच विचारलं, “काय झालं होतं?”

“छातीत दुखते म्हणे. पाणी मागतलं. पाणी आणेपर्यंत खतम.”

“करंट नाही ना लागला?”

“करंट? नाही गा. काहून?”

माझा श्वास मोकळा झाला, आणि तुम्ही गेलात त्या घरात आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटली. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. कारण तेवढ्यात काकी उठल्या, रडून सुजलेले डोळे पुसत कोपऱ्यातली रबरी चप्पल पायात घातली आणि कूलरमध्ये बादली ओतली. इतके लोक घामाघूम बसलेले, त्यांना गार हवा नको का, असा त्यांचा विचार असणार.

ही चप्पल बाहेरगावच्या माणसाला कळायची नाही. मलाही आधी कळली नव्हती. तुमच्या घरी पहिला उन्हाळा आला तेव्हा कूलरच्या बाजूला जुन्या चपलांचा एक जोड ठेवलेला पाहिला आणि कुणाचा म्हणून विचारलं. काकी म्हणाल्या, “कूलरचा आहे, बाबू. चप्पल घाल, मंग हात लाव. थोडासा चावते तो.” घरात पाहुणा आला तरी त्याला आधी पाणी आणि मग हीच सूचना. शेजारीही तेच, पलीकडच्या गल्लीतही तेच. कूलर म्हटलं की चावणारच, जसा उन्हाळा म्हटला की तापणारच. मी कॉलेजात विजेचं शिकत होतो, आणि मीही रोज ती चप्पल घालत होतो.

मागच्या गल्लीतली बाई कूलरला चिकटून गेली त्या दिवशी मात्र चप्पल तिच्या पायात नव्हती. तुम्ही धावत गेलात, लाकडी काठीने वायर ओढली, पण उशीर झाला होता. परत आल्यावर तुम्ही काठी दाराशी टेकवलीत. मग म्हणालात, “चप्पल घातली असती त वाचली असती.” मला पहिल्यांदा तुमचा राग आला, काका. चप्पल नव्हती म्हणून मरावं लागतं, हे तुम्हाला मान्य कसं होतं?

पुढच्याच आठवड्यात मी सीताबर्डीवरून तो डबा आणला. त्याचं नाव मोठं होतं, अर्थ लीकेज ब्रेकर. घरात त्याला ‘डब्बा’च म्हणाले सगळे. तुम्ही चष्मा लावून तो उलटापालटा केलात.

“काय करते हा?”

“काका, जितका करंट घरात येते तितकाच वापस गेला पाहिजे. कमी गेला म्हणजे मधातच कुठंतरी जमिनीत चालला. कदाचित माणसाच्या आंगातून चालला. तसं झालं की हा पटकन लाइन तोडते.”

“म्हणजे टपालासारखं. नागपूरले जितक्या थैल्या चढल्या तितक्या इटारसीले उतरल्या पाहिजे.”

“हो, तसंच.”

“अन् एक कमी भरली त?”

“गाडीच थांबवते.”

“मंग त एकही गाडी टायमावर नाही पोचत, इंजिनेर.”

आपण दोघे हसलो होतो. पण झालं तसंच. दिवसभर डबा टिकला. दिवेलागणीला काकींनी बुद्धाच्या तसबिरीपुढच्या लाल बल्बचं बटण दाबलं, टक् आवाज आला आणि अख्खं घर बंद. मी डब्याचा खटका परत वर चढवला. बटण दाबलं की पुन्हा टक्. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर वस्तीतली माणसं मजा पाहायला जमली.

“तुह्या डब्ब्याले बुद्धाचं काय वाकडं आहे गा?” तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत.

“अजी, पोरावर नोका ओरडू,” काकी आतून म्हणाल्या.

“ओरडून नाही राहिलो वं, विचारून राहिलो. कॉलेजात शिकते ना तो.”

मला वाटलं, चूक माझीच. वायरी सोडल्या, पुन्हा लावल्या. सोबतचा कागद इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला. शेवटी सरांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डबा बरोबर आहे. घर तपास.” हे वाक्य तुम्हाला जसंच्या तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही. या घरात वायरमनने कधी पाय ठेवला नव्हता, सगळी वायरिंग तुमच्या हातची होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही ते सांगत होतात. मी म्हणालो, “सर म्हणाले, एकदा वायरिंग पाहून घ्या.”

“माह्यी वायरिंग?” तुम्ही इतकंच म्हणालात. पण रविवारी शिडी धरायला तुम्हीच उभे राहिलात.

बल्बची एक वायर बटणाकडे गेली होती, ती बरोबर होती. दुसरी, करंट परत नेणारी, भिंतीत शिरली होती आणि फळीपर्यंत पोचतच नव्हती. मी भिंतीच्या पलीकडे गेलो. तिकडे मोरी. नळाच्या मागे सिमेंटचा एक लपका होता, तो खरवडला तर आत तांब्याची तार पाइपाला गुंडाळलेली.

“काका, हे कधीचं?”

तुम्ही वाकून पाहिलंत. “घर बांधलं तवाचं. भितीतला तार मधातच तुटला होता. नवं पलस्तर कोण फोडते? म्हटलं जमीन ते जमीन, देऊ नळाले बांधून. लागला ना बल्ब. अजून लागते.”

“उन्हाळ्यात मंद लागते.”

“त म्हातारा झाला असन.”

“काका, उन्हाळ्यात जमीन सुकते. मंग बल्बातून आलेला करंट पाइपातून नीट जमिनीत उतरत नाही. तो नळातच राहते.”

आपल्या मागे काकी भांडी घेऊन उभ्या होत्या, हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, “म्हणूनच का जी मले नळाले झिणझिण्या येतात?”

काका, ती मोरी मला अजून दिसते. काकी कितीतरी वर्षं सांगत होत्या की संध्याकाळी भांडी घासताना हाताला मुंग्या येतात, नळ धरवत नाही. तुम्ही म्हणत होतात, “वात आहे वं तुले.” डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. रोज झोपताना त्या हातांना तेल चोळत होत्या, आणि कधीकधी तेल तुम्हीही चोळून देत होतात. मी पाहिलं आहे. बल्ब लागलेला असतानाच भांडी घासायची वेळ, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बुद्धापुढे दिवा लावायचा आणि मोरीत जायचं, हा त्यांचा रोजचा नेम होता.

तुम्ही आत जाऊन छन्नी-हातोडी आणली आणि ते पलस्तर स्वतः फोडलंत. मी म्हणालो मी फोडतो, तर हातोडी दिली नाहीत. नवीन वायर फळीपर्यंत आणली. संध्याकाळी बल्ब लागला, चांगला लाल लागला, आणि डबा जागचा हलला नाही. काकी मोरीत गेल्या. नळ सोडून त्याखाली हात धरून उभ्याच राहिल्या.

“काय झालं वं?”

“काही नाही जी. काहीच नाही होऊन राहिलं.”

तुम्ही उठून अंगणात गेलात. त्या दिवसानंतर आपण तिघांनी त्या तारेचा विषय पुन्हा कधी काढला नाही. तुम्हाला काय वाटलं असेल हे मला विचारता आलं नाही. आता वाटतं, विचारलं नाही तेच बरं. पण मग लगेच वाटतं, विचारायला हवं होतं. हे असं चाललं आहे माझं.

तुम्ही डब्याला मानलंत असं त्या दिवशी मला वाटलं. पण पुढच्या उन्हाळ्यात कूलरचा पंप सुरू केला की डबा पडू लागला, म्हणजे टक् करून लाइन तोडू लागला. पंप जुना झाला होता, त्याची गुंडाळी आतून पाण्यात करंट सोडत होती. मी म्हणालो, पंप बदलल्याशिवाय कूलर चालवायचा नाही. बाहेर आग ओतत होती. खिडकीवर लावलेला ओला टॉवेल बघता बघता कडक होत होता.

“डब्बा बाजूले कर आजच्या दिवस.”

“नाही करत, काका.”

“तुह्यी काकी बसन का या भट्टीत?”

“काका, पंप चावते.”

“चावू दे. चप्पल आहे.” मग तुम्ही जवळ आलात आणि आवाज खाली आणलात. “करंटानं एक बाई गेली त तू डब्बा आणला. उन्हानं दरसाल किती जातात गा? त्याइच्यासाठी कोणता डब्बा आहे तुह्या कॉलेजात?”

काका, वर्गात आम्हाला शिकवतात की धोका दिसला की लाइन तोडायची. लाइन तोडल्यावर त्या घरातल्या माणसाने दुपार कशी काढायची, हे कुणी शिकवत नाही. मी हट्टाने तसाच उभा राहिलो. तुम्ही डबा बाजूला केला नाहीत. पंपाची वायर काढून नुसता पंखा चालू ठेवलात, लोटा घेतलात आणि पंप नवा येईपर्यंत रोज दुपारी कूलरच्या खसच्या ताट्यांवर हाताने पाणी मारत बसलात, माझ्याकडे न पाहता. मी पुस्तक उघडून बसत होतो आणि एक अक्षर वाचत नव्हतो. मी लोटा मागितला की म्हणत होतात, “तू अभ्यास कर.”

नवा पंप आला तसा मी दुसरा हट्ट धरला, अंगणात खड्डा खणायचा. नळाचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे. खड्डा खणून त्यात मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी घालायची, उन्हाळ्यात त्यात रोज पाणी टाकायचं. तसं अर्थिंग नसलं तर डबा कधीकधी माणूस चिकटल्यावरच पडतो, असलं तर माणूस हात लावायच्या आधीच पडतो. हे मी तुम्हाला किती तऱ्हांनी सांगितलं! तुम्ही म्हणालात अंगणात लिंबाचं झाड आहे, मुळं तुटतील. मग म्हणालात पावसाळ्यानंतर पाहू. मग म्हणालात, “मी मेल्यावर खण. तवा अंगणात कोणी अडवणार नाही.” काकींनी तुम्हाला तोंड सांभाळून बोला म्हटलं होतं.

जानेवारीत मी भिलाईला निघालो तेव्हाही तेच. रिक्षात ट्रंक ठेवली आणि मी म्हणालो, “काका, खड्ड्याबिना डब्बा अर्धाच आहे.”

“मंग अर्धा डब्बा ठेवून काय करू? काढून फेकतो.”

“फेका.”

“फेकतोच पाह्य.”

रिक्षावाला हसला, काकी हसल्या. तुम्ही हसत होतात की नाही ते मला दिसलं नाही, उन्हं डोळ्यावर होती. आपलं शेवटचं बोलणं हे. आणि फळीवर डबा नाही.

तुम्ही खरंच काढून फेकलात का? रागाने काढलात, की तो पुन्हा पडायला लागला आणि कंटाळलात? काकींना सोडून गेलात ते गेलात, पण त्यांचा ओला हात त्या पत्र्यावर सोडून गेलात? मी ते कुणाला विचारू? मरण झालेल्या घरात लोखंडाच्या डब्याची चौकशी करणारा मी कोण? कालच मी काकींना म्हणालो, बादली मी ओततो. त्यांनी बादली दिली नाही. म्हणाल्या, “काही तरी करू दे मले.”

काका, मी भांडायला बसलो नव्हतो, आभार मानायला बसलो होतो. तुमच्या घरात मला पहिल्यांदा टेबल मिळालं. आमच्या घरी मी जमिनीवर पुस्तक ठेवून वाचत होतो. तुम्ही टपालातून मोडीत निघालेलं टेबल आणलंत, त्याच्या एका पायाखाली लाकडाची चकती ठोकलीत आणि म्हणालात, “आता हालन त टेबलाचा दोष, नापास होशीन त तुह्या.” माझे वडील धान कापून झालं की मला भेटायला यायचे आणि दारातच उभे राहायचे. तुम्ही त्यांना हाताला धरून आत आणून त्या खुर्चीवर बसवायचात. गल्लीत कुणी भेटलं की “हा आमचा इंजिनेर” म्हणायचात. मी अजून पास व्हायचा होतो. मला लाज वाटायची. आता ते कोण म्हणणार? डब्याला शिव्या घालायचात आणि शेजाऱ्यांना तोच डबा बोट करून दाखवायचात, हेही मला माहीत होतं. मग काढलात का?

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं.

आज दुपारी सुमनताई चहा घेऊन खोलीत आली. तिचं पोरगं तिच्या पदराला धरून आलं. नुकतंच चालायला लागलं आहे. ताई कार्यक्रम झाला तरी काकींसाठी थांबली आहे, उद्या भिवापूरला सासरी परत जाणार. इतके दिवस ती आत बायकांत होती, माझं तिच्याशी बोलणं झालं नव्हतं.

“लिहून राहिला का बाबांवर?” तिने विचारलं.

“हो.”

“लिही. पण आल्यापासून त्या फळीकडं काय पाहून राहिला गा तू? आई बी म्हणे, पोराचं मन थाऱ्यावर नाही.”

मग मात्र मला राहवलं नाही. “ताई, तिथं डब्बा होता. काकांनी फेकला का?”

“फेकला?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. “तो त माह्या घरी आहे.”

ती खाली बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि सांगू लागली. “अंगणात मिरच्या वाळत होत्या तवा आले बाबा. पिशवीत डब्बा, पेचकस, टेप. हे पोरगं तवा भितीले धरून उभं राहाले लागलं होतं, दिसन त्या प्लगच्या भोकात बोट घाले. बाबा मागच्या खेपेले पाहून गेले होते. आल्या-आल्या चहा बी नाही घेतला, मिरच्या सरकवल्या अन् खड्डा खणाले बसले. मले म्हणे, मीठ आण, कोळसा आण. जीव धापला होता त्याइचा, पण कुदळ कोणाले देतील त शपथ. डब्बा लावला, बटण दाबून मले आवाज ऐकवला. मी म्हटलं, बाबा, मंग नागपूरच्या घरचं काय? म्हणे, तिथं दुसरा आणतो, अन् खड्डा बी खणतो. मी म्हटलं, त्याले पत्र टाकते, तुह्या डब्बा आमच्याकडं आला म्हणून. त म्हणे, नोको टाकू. उन्हाळ्यात येणारच आहे तो. मीच सांगतो त्याले.”